चुना लावणारे आणि चुना तपासणारा

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. गेल्या वर्षीच्या माझ्या जर्नलमधली सिमेंटची सगळी रीडिंग्ज छापलेली होती. म्हणजे सिनियरच्या जर्नलमधून जशीच्या तशी उतरवलेली. यात नवीन काय, असं म्हणून तुम्ही पान उलटायच्या आत पुढचं ऐका.

झालं असं की आमच्या बॅचनं सिमेंटचे क्यूब्ज टाकले होते, अगदी नीट मोजूनमापून. ते क्युअरिंग टँकमध्येही ठेवले. पण अठ्ठाविसाव्या दिवशी ते काढून मशीनखाली फोडायचे, तर त्या दिवशी नेमकं गॅदरिंग! कोण जातंय लॅबमध्ये? सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर एक जुनं जर्नल फिरत फिरत माझ्या रूममध्ये आलं. सरासरी स्ट्रेंग्थ 55.2. छान आकडा. मी लिहिला, माझ्या पार्टनरनं लिहिला, पलीकडच्या रूममधल्या तिघींनी लिहिला.

ओरलला सरांनी जर्नल उघडलं, आकडा पाहिला आणि शांतपणे विचारलं की यंदा लॅबमध्ये सिमेंटची गोणी कुठल्या ग्रेडची आली होती? मी गप्प. यंदा गोणी 43 ग्रेडची होती. जुन्या जर्नलमधली 53 ची. शिवाय आमचे क्यूब्ज अजूनही टँकच्या तळाशी तसेच पडून होते, आणि हे सरांना माहीत होतं!

सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त एक नाव कागदावर लिहून दिलं आणि म्हणाले की सुट्टीत या माणसाबद्दल वाचून ये, मग बोलू. नाव होतं जॉन स्मीटन. आपल्या पहिल्या वर्षाच्या पुस्तकात हे नाव एका ओळीत येतं, सिव्हिल इंजिनिअरिंगचा जनक म्हणून. एक मार्काचा प्रश्न, एक मार्काचं उत्तर. त्या एका ओळीमागे काय दडलंय, ते सांगण्यासाठी हा लेख.

जॉन स्मीटनचा जन्म 8 जून 1724 चा, इंग्लंडमध्ये यॉर्कशायर परगण्यात, लीड्स शहराजवळच्या ऑस्टथॉर्प या गावी. वडील वकील. साहजिकच मुलानं वकील व्हावं ही घरची अपेक्षा. (हे वाक्य ओळखीचं वाटतंय ना?) पण मुलाचं लक्ष होतं हत्यारांत. लहानपणापासून तो घरी लेथवर काहीतरी घडवत बसायचा. लीड्सच्या ग्रामर स्कूलमधलं शिक्षण संपल्यावर वडिलांनी त्याला हाताखाली घेतलं आणि 1742 साली कायदा शिकायला लंडनला पाठवलं. काही काळ त्यानं तो प्रयत्न केलाही. शेवटी त्यानं वडिलांना सविस्तर लिहून आपलं मन कळवलं, आणि वडील समजूतदार निघाले. मुलगा वकिली सोडून उपकरणं बनवणारा कारागीर झाला. होकायंत्रं, मोजमापाची साधनं, हवेचे पंप. त्या काळात सुखवस्तू घरातल्या मुलानं हातानं काम करणं हे खालच्या पायरीचं समजलं जाई. स्मीटनला त्याची फिकीर नव्हती.

मोजमापाची साधनं बनवता बनवता त्याला मोजायचीच सवय लागली. ही सवय त्याला आयुष्यभर पुरली.

त्या काळी कारखान्यांना ताकद मिळे ती पाणचक्की आणि पवनचक्कीपासून. पाणचक्कीचं चाक दोन तऱ्हांनी फिरवता येतं. एक, खालून वाहत्या पाण्याचा धक्का देऊन. दुसरी, वरून पाणी पात्यांत ओतून त्याच्या वजनानं. यातलं चांगलं कुठलं यावर विद्वानांत मतभेद होते. बरेच जण कागदावर गणित मांडून वाद घालायचे. स्मीटननं 1752-53 मध्ये चाकाचं छोटं मॉडेल बनवलं, त्यावर पाणी सोडलं, वजन किती उचललं जातं ते मोजलं. वरून पाणी घेणारं चाक जवळजवळ दुप्पट काम देतं असं निघालं. आता आपल्यासारखा असता तर दुसऱ्याच दिवशी पेपर छापून मोकळा झाला असता. स्मीटन थांबला. प्रत्यक्षातल्या मोठ्या चक्क्यांवर तेच नियम लागू पडतात का, हे पाहण्यात त्यानं पुढची वर्षं घालवली आणि 1759 साली निबंध वाचला. त्यासाठी रॉयल सोसायटीनं त्याला कॉप्ले पदक दिलं. सोसायटीचा सदस्य तर तो 1753 मध्येच, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी झाला होता.

आता या गोष्टीतला मुख्य भाग. त्यासाठी आपल्याला लीड्सपासून खूप दूर, इंग्लंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरच्या प्लिमथ बंदरात जायला हवं.

प्लिमथपासून सुमारे 22 किलोमीटर आत समुद्रात एडिस्टन नावाचे खडक आहेत. भरतीला ते जवळजवळ पाण्याखाली जातात. त्यांच्यावर आपटून किती जहाजं फुटली असतील याला गणती नाही. 1698 साली हेन्री विन्स्टनली नावाच्या माणसानं तिथं पहिला दीपस्तंभ पेटवला. आपल्या बांधकामावर त्याचा फार विश्वास होता. नोव्हेंबर 1703 मध्ये तो दुरुस्तीसाठी दीपस्तंभावर असतानाच इंग्लंडच्या इतिहासातलं एक भयंकर वादळ आलं. सकाळी खडकावर ना दीपस्तंभ उरला होता, ना विन्स्टनली.

दुसरा दीपस्तंभ जॉन रुडयर्डनं बांधला, 1709 साली पूर्ण झाला. आतमध्ये दगडाचा भार, बाहेरून जहाजासारख्या लाकडी फळ्या. वादळांपुढे तो सेहेचाळीस वर्षं टिकला. पण 2 डिसेंबर 1755 च्या रात्री वरच्या दिव्याच्या खोलीला आग लागली. पहाऱ्यावर होता हेन्री हॉल, वय 94 वर्षं असं सांगतात. म्हातारा खालून वर पाणी फेकत होता आणि छताचं वितळलेलं शिसं त्याच्या अंगावर गळत होतं. त्यातलं काही थेट त्याच्या घशात गेलं. तो सांगत होता, पण डॉक्टरांचा विश्वास बसेना. बारा दिवसांनी तो वारला. पोटातून सुमारे 200 ग्रॅम शिशाचा गोळा निघाला. तो गोळा आजही एडिंबरोच्या म्युझियममध्ये ठेवलेला आहे.

म्हणजे पहिला दीपस्तंभ वाऱ्यानं नेला, दुसरा आगीनं. तिसरा कुणी बांधायचा? मालकांनी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना नाव विचारलं आणि त्यांनी सुचवलं स्मीटनचं. वय 31. या माणसानं तोपर्यंत समुद्रात काहीच बांधलेलं नव्हतं! पण तो मोजतो, आणि मोजल्याशिवाय बोलत नाही, एवढं त्याच्याबद्दल सगळ्यांना माहीत होतं.

स्मीटननं ठरवलं की दीपस्तंभ दगडाचाच हवा. लोकांचं म्हणणं होतं की लाकूड लवचिक असतं म्हणून टिकलं, दगड ताठ, लाटेनं मोडेल. स्मीटनचा विचार उलटा होता. लाटेला हरवायचं तर वजन हवं आणि वजन तळाशी हवं. त्यानं ओकच्या झाडाच्या बुंध्याचा आकार डोळ्यांसमोर ठेवला. जमिनीशी पसरट, वर निमुळता होत गेलेला. गुरुत्वमध्य खाली आणला की स्थैर्य वाढतं, हे आपण मेकॅनिक्समध्ये शिकतो. तळाशी 8 मीटर व्यास, वर साधारण 5 मीटर, उंची 22 मीटर. खालचा भाग पूर्ण भरीव, खोल्या त्याच्या वर.

पण नुसतं वजन पुरत नाही. भिंतीतला एखादा दगड लाटेनं निसटला की बाकीचे सैल होतात. म्हणून त्यानं प्रत्येक दगड सुताराच्या डोव्हटेल सांध्यासारखा कापून शेजारच्या दगडात अडकवला. लंडनच्या फुटपाथच्या कडेचे दगड असे एकमेकांत बसवलेले त्यानं पाहिले होते. उतरता खडक पायऱ्यांसारखा तासून सगळ्यात खालचे दगड त्याच खडकात कोरलेल्या खाचांत बसवले. वरचा थर खालच्यावरून सरकू नये म्हणून मध्ये संगमरवराचे ठोकळे, आणि जागच्या जागी धरायला ओकच्या खुंट्या. असे एकूण 1493 दगड.

दगडाची निवडही बघण्यासारखी आहे. बाहेरच्या बाजूला कॉर्नवॉलचा ग्रॅनाइट, आतल्या बाजूला पोर्टलंड बेटावरचा चुनखडक. सगळाच ग्रॅनाइट का नाही? कारण तो घडवायला फार कठीण, वेळ आणि पैसा जास्त. मग सगळाच पोर्टलंड का नाही? कारण त्या दगडाला भोकं पाडून राहणारे शिंपल्यातले समुद्री जीव असतात, आणि ते स्मीटननं आधीच पाहून ठेवलं होतं. जिथं पाणी लागणार तिथं ग्रॅनाइट, जिथं लागणार नाही तिथं पोर्टलंड. ज्याची जिथं गरज, तिथं तो. मटेरियल सिलेक्शन म्हणजे दुसरं काय असतं?

आता राहिला प्रश्न चुन्याचा, आणि माझ्या मते स्मीटनचं सगळ्यात मोठं काम ते हेच.

त्या काळी सिमेंट नव्हतं. दगड जोडायला चुना. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना मिळतो, त्यावर पाणी टाकून तो विरवतात आणि वाळूत मिसळून वापरतात. हा चुना घट्ट होतो तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन. म्हणजे त्याला हवा लागते आणि वेळ लागतो. एडिस्टनला या दोन्ही गोष्टी नव्हत्या. सांधा भरला की काही तासांत भरतीचं पाणी त्यावर येणार. साधा चुना पाण्याखाली महिनोन्महिने लोण्यासारखाच राहतो.

रोमन काळापासून लोकांची समजूत होती की चुनखडीचा दगड जितका कठीण, तितका त्याचा चुना चांगला. शेकडो वर्षं हे वाक्य एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरवलं जात होतं. (जुनं जर्नलच म्हणा ना!) 1756 मध्ये स्मीटननं काय केलं? मऊ खडू आणि कठीण संगमरवरी दगड, दोन्ही भाजले आणि दोन्हींचा चुना करून पाहिला. काही फरक नाही! समजूत खोटी निघाली.

मग त्यानं देशाच्या निरनिराळ्या भागांतले चुनखडीचे नमुने मागवले. प्रत्येकाच्या मॉर्टरचे साधारण दोन इंचांचे गोळे केले, जरा आवळू दिले आणि पाण्यात टाकले. कुठला विरघळतो, कुठला दगड होतो ते पाहत बसला. आपले क्यूब्ज आणि क्युअरिंग टँक आठवले की नाही? काही गोळे पाण्यात फुटले, काही घट्ट झाले. वेल्समधल्या अ‍ॅबरथॉ गावची चुनखडी फार चांगली निघाली, आणि ती काही विशेष कठीण नव्हती.

असं का व्हावं? स्मीटन प्लिमथमध्ये विल्यम कुकवर्दी नावाच्या औषधविक्रेत्याच्या घरी उतरला होता. कुकवर्दी रसायनशास्त्रातला जाणकार. त्यानं स्मीटनला चुनखडी नायट्रिक आम्लात विरघळवून तपासायची पद्धत शिकवली. शुद्ध चुनखडी पूर्ण विरघळली. पाण्यात घट्ट होणाऱ्या चुनखडीतून मात्र तळाशी गाळ उरला. तो गाळ हातात घेऊन मळला तर चिकणमाती! म्हणजे जिला सगळे अशुद्धता समजत होते, तीच खरी कामाची वस्तू होती.

आज आपल्याला याचं कारण माहीत आहे. चिकणमातीतला सिलिका आणि अ‍ॅल्युमिना भट्टीत चुन्याशी संयोग पावतात, आणि तयार झालेली संयुगं पाण्याशी क्रिया करून घट्ट होतात. त्यांना हवा लागत नाही. सिमेंटच्या हायड्रेशनवरचा आपला पाच मार्कांचा प्रश्न तो हाच. स्मीटनला ही रसायनं ठाऊक नव्हती. पण चिकणमाती हवी, एवढं त्यानं स्वतःच्या हातानं शोधून काढलं.

त्यात त्यानं इटलीहून आलेली पोझोलाना, म्हणजे ज्वालामुखीची राख, सम प्रमाणात मिसळली. हा साठासुद्धा गंमतीशीर. वेस्टमिन्स्टरच्या पुलासाठी खपेल म्हणून एका व्यापाऱ्यानं ती आणली होती आणि तिथं कुणी घेतली नाही, म्हणून पडून होती. न खपलेला माल एडिस्टनच्या कामी आला.

राखेचं हे तत्त्व आपल्याकडच्या गवंड्यांनाही वेगळ्या रूपात ठाऊक होतं. त्यांची पोझोलाना म्हणजे सुरखी, भाजलेल्या विटांची पूड. चुन्यात सुरखी घातली की तो पाण्याला दाद देत नाही, हे त्यांनी अनुभवानं जाणलं होतं. पुढच्या ट्रेकला एखाद्या गडावर दगडी गोल चर आणि त्यात पडलेलं चाक दिसलं तर फोटो काढण्याआधी एक मिनिट थांबा. तो चुन्याचा घाणा आहे. बैल फिरवून त्यात चुना मळला जायचा. आणि सध्या आपण ज्या सिमेंटमध्ये फ्लाय अ‍ॅश घालतो, ती याच कुळातली.

12 जून 1757 ला खडकावर पहिला दगड बसला, सव्वादोन टनांचा. किनाऱ्यावर प्रत्येक थर आधी पूर्ण जुळवून पाहायचा, खुणा करायच्या, मग बोटीनं न्यायचा. चुना मात्र खडकावरच, लागेल तेवढाच बादल्यांमध्ये कालवायचा. भरती-ओहोटीच्या मधले काही तासच काम करता येई. मजुरांना आरमारात जबरदस्तीनं भरती करून नेण्याची तेव्हा पद्धत होती, म्हणून त्यांना ओळखीसाठी खास बिल्ले दिले होते. स्मीटन स्वतः खडकावर असायचा. एकदा अंधारात पाय घसरून पडला आणि त्याचा अंगठा निखळला. डॉक्टर 22 किलोमीटर दूर. त्यानं दुसऱ्या हातानं अंगठा ओढून स्वतःच जागेवर बसवला! वादळानंतर किनाऱ्यावर असला की प्लिमथच्या हो नावाच्या उंचवट्यावर जायचा आणि दुर्बिणीतून खडकाकडे बघत राहायचा. स्तंभ आहे ना जागेवर? आहे. मग निवांत.

16 ऑक्टोबर 1759 ला दीपस्तंभ पेटला. दिवा कसला, तर 24 मेणबत्त्या! एवढ्या खटाटोपानंतर चोवीस मेणबत्त्या, असं वाटून मला हसू आलं होतं. पण अंधाऱ्या समुद्रात एखाद्या खलाशाला त्या चोवीस ज्योती काय वाटल्या असतील, याचा विचार केला आणि हसू थांबलं.

या कामानंतर स्मीटनचं नाव झालं. स्कॉटलंडमध्ये कोल्डस्ट्रीम, पर्थ, बॅन्फ इथले पूल त्यानं बांधले. फोर्थ आणि क्लाइड नद्या जोडणाऱ्या कालव्याचा आराखडा त्याचा. बंदरं, चक्क्या, वाफेची इंजिनं, सगळ्यांत त्यानं हात घातला. तोपर्यंत इंजिनिअर म्हणजे सैन्यातला, किल्ले आणि तोफांचा माणूस. स्मीटननं स्वतःला सिव्हिल इंजिनिअर म्हणवून घेतलं. लढाईसाठी काम करतो तो नव्हे, नागरिकांसाठी करतो तो इंजिनिअर. आपल्या डिपार्टमेंटच्या दारावरची पाटी तिथून आली आहे. 1771 साली त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये सिव्हिल इंजिनिअर्सची सोसायटी सुरू केली. ती आजही त्याच्या नावानं चालू आहे.

इथंच थांबले असते तर हा लेख म्हणजे नुसती आरती झाली असती. पण गोष्ट पुढे आहे.

उत्तर इंग्लंडमध्ये हेक्सम गावी टाइन नदीवर पूल हवा होता. आधी एक पूल बांधला होता, तो 1771 च्या पुरात वाहून गेला. दुसऱ्यानं प्रयत्न केला, पण नदीच्या तळाची माती पाहून काम सोडलं. वर गोट्यांचा थर, त्याखाली पोकळ वाळू. मग स्मीटनला बोलावलं. 1777 ते 1780 या काळात त्यानं नऊ कमानींचा देखणा पूल उभा केला. पाया फार खोल न नेता, वरच्या गोट्यांच्या थरावर भरवसा ठेवून. मार्च 1782 मध्ये बर्फ वितळून पूर आला. पाणी पुलाच्या एका बाजूला तुंबून उंच झालं आणि कमानींखालून जोरात सुटलं. त्या वेगानं खांबांखालचा तळच उकरून निघाला. काही वेळात पूल कोसळला. वरचा दगड उत्तम होता, चुना उत्तम होता. दगा दिला तो पायाखालच्या जमिनीनं. यालाच आपण स्कावर म्हणतो.

स्मीटननं काय केलं? पुराला दोष दिला नाही, कंत्राटदाराला दिला नाही. कामावरच्या आपल्या सहकाऱ्याला पत्र लिहून त्यानं मान्य केलं की आपली अब्रू धुळीला मिळाली, तीस वर्षांत स्मीटनचं एकही काम पडलं नाही असं आता कुणाला म्हणता येणार नाही. हे वाचताना मला एडिस्टनपेक्षा इथं तो जास्त मोठा वाटला. तोच आराखडा वापरून, पण पाया नीट करून, तो पूल 1793 मध्ये दुसऱ्यानं पूर्ण केला. तो आजही उभा आहे.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती मला फार लागली. पवनचक्कीवरच्या आपल्या निबंधात स्मीटननं वाऱ्याच्या दाबाचा एक तक्ता दिला होता. तो त्यानं स्वतः मोजलेला नव्हता, राऊस नावाच्या मित्रानं दिलेला होता, आणि तसं त्यानं प्रामाणिकपणे लिहिलंही. त्यातून निघालेला 0.005 हा आकडा स्मीटन कोएफिशंट म्हणून पुस्तकांतून उतरत राहिला. पुढे विमान बनवायला निघालेल्या राइट बंधूंचं ग्लायडर 1901 मध्ये गणिताप्रमाणे उचलेना. शेवटी त्या दोघा सायकलवाल्यांनी स्वतः मोजून पाहिलं. आकडा निघाला साधारण 0.0033. म्हणजे जवळजवळ 140 वर्षं एक चुकीचं रीडिंग थोरामोठ्यांच्या नावावर खपत होतं! आयुष्यभर स्वतः मोजणाऱ्या माणसाच्या नावावर जी मोठी चूक चिकटली, ती नेमकी त्यानं दुसऱ्याकडून घेतलेल्या आकड्याची.

1791 साली एडिस्टनच्या कामाची संपूर्ण हकिकत त्यानं पुस्तकरूपानं छापली, चुन्याच्या प्रयोगांसकट. पुढच्या वर्षी आपल्या ऑस्टथॉर्पच्या बागेत फिरताना त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि 28 ऑक्टोबर 1792 ला तो वारला. त्याच्या चुन्याच्या शोधावर पुढं इतरांनी काम केलं. फ्रान्समध्ये लुई विकॅटनं चुना आणि माती मिसळून कृत्रिम हायड्रॉलिक चुना बनवला. लॅबमध्ये आपण ज्या सुईनं सेटिंग टाइम पाहतो, ती विकॅटची सुई त्याचीच. आणि 1824 मध्ये, स्मीटनच्याच लीड्समधल्या जोसेफ अ‍ॅस्पडिन नावाच्या गवंड्यानं पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं. गोणीवर आजही जो पोर्टलंड शब्द असतो, तो स्मीटननं आतल्या बाजूला वापरलेल्या त्याच दगडावरून.

आणि एडिस्टनचं काय झालं? स्तंभ 120 वर्षांहून जास्त टिकला. पण 1877 च्या सुमारास लक्षात आलं की मोठ्या लाटेबरोबर तो हादरतो. तपासलं तर स्तंभाला काहीही झालं नव्हतं. त्याच्याखालचा खडक समुद्रानं पोखरला होता! शेजारच्या खडकावर 1882 मध्ये नवा दीपस्तंभ उभा राहिला. प्लिमथच्या लोकांना जुना सोडवेना, म्हणून त्याचा वरचा भाग दगड दगड सुटा करून किनाऱ्यावर नेला आणि 1884 मध्ये पुन्हा उभारला. कुठं? त्याच हो टेकडीवर, जिथून स्मीटन दुर्बिणीतून बघायचा. खालचा भरीव बुंधा मात्र खडकावर तसाच ठेवला आणि तो आजही तिथं उभा आहे.

हेक्सम असो की एडिस्टन, शेवटी प्रश्न एकच उरतो. वर काय बांधलं यापेक्षा ते कशावर उभं आहे? आपली डिग्री चार वर्षांनी हातात येईल. तिच्याखाली काय असेल? उतरवलेली रीडिंग्ज? मराठीत फसवण्याला चुना लावणं म्हणतात. जर्नल छापताना मला वाटत होतं, मी सरांना चुना लावतेय. लावत होते स्वतःलाच. आणि उद्या ज्यांच्या डोक्यावर मी स्लॅब टाकणार आहे, त्यांनाही.

सुट्टीनंतर मी सरांकडे गेले. फार बोलणं झालं नाही. त्यांनी लॅबची किल्ली दिली. पार्टनरला ओढून नेलं, पुन्हा क्यूब्ज टाकले, आणि अठ्ठाविसाव्या दिवशी दोघी मशीनपुढे हजर! सरासरी आली 40.8. म्हणजे 43 ग्रेडला कमीच. क्यूब फुटल्यावर आत बारीक पोकळ्या दिसल्या. भरताना नीट ठोकले नव्हते. चूक आमची, सिमेंटची नाही. पार्टनर म्हणाली, थोडं वाढवून लिहूया का गं? मी तिच्याकडे बघितलं, आणि तीच हसली.

जर्नलमध्ये 40.8 लिहिलं, खाली कारणही लिहिलं. सरांनी वाचलं आणि सही केली. माझ्या जर्नलमधलं हे पहिलं माझं स्वतःचं रीडिंग आहे. कुणाला उतरवायचं असेल तर खुशाल मागा, पण आधी यंदाची गोणी बघून या!

— तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी